'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' : बीडच्या रांगेतला अर्ज नेमका कुठे अडतो?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की गेवराई, केज, माजलगाव, परळी, आष्टी, बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत एक चित्र हमखास दिसतं. सीएससी केंद्रासमोर सकाळपासून रांग. हातातल्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. दोन-तीन तासांनी नंबर लागतो. केंद्रचालक सगळी माहिती भरतो, शेवटचं बटण दाबतो आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतं. मग ते ठरलेलं वाक्य कानावर येतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला. पुन्हा गाडीभाडं, पुन्हा रांग. आणि उद्या शेवटची तारीख असेल, तर प्रश्न थेट हंगामभराच्या विम्याचा.

या गोंधळाची सवय सरकारलाही झाली आहे. खरीप २०२३ मध्ये पीकविमा भरण्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२४ मध्ये १५ जुलैची मुदत ३१ जुलैवर गेली. २०२५ मध्ये बिगर कर्जदार शेतकऱ्यांसाठी ३१ जुलैची १४ ऑगस्ट झाली. मुदतवाढीमागे इतरही कारणं असतात, पण पोर्टल न चालण्याची ओरड दरवर्षी असतेच.

पण 'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय डाऊन असतं? कुठला सर्व्हर? तो कोणाचा? तो बंद पडला हे कोण ठरवतं? आणि त्या दिवशी रांगेतून परत गेलेल्या माणसाची नोंद कुठे होते?

वेबसाईट चालू, मग अर्ज का जात नाही?

इथेच पहिला गैरसमज आहे. वेबसाईट उघडली म्हणजे सगळं चालू आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात स्क्रीनवर दिसणारी वेबसाईट आणि तिच्यामागे माहिती साठवणारा डेटाबेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा त्या दोन वेगळ्या मशीनवर, कधी दोन वेगळ्या शहरांत असतात.

तहसील कार्यालय डोळ्यांसमोर आणा. पुढे खिडकी आहे, खिडकीत कारकून बसला आहे. जुने फेरफार मात्र मागच्या अभिलेख कक्षात आहेत. तुम्ही खिडकीवर अर्ज देता, शिपाई कक्षात जातो, गठ्ठा शोधतो, कागद आणून देतो. आता खिडकी उघडी आहे, कारकूनही जागेवर आहे, पण अभिलेख कक्षाला कुलूप आहे. अशा वेळी काम होणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ऑफिस चालूच दिसणार.

वेबसाईटचंही असंच असतं. खिडकी म्हणजे वेब सर्व्हर, कारकून म्हणजे त्यावर चालणारा प्रोग्राम, अभिलेख कक्ष म्हणजे डेटाबेस आणि शिपाई म्हणजे या दोघांमधलं नेटवर्क कनेक्शन. फॉर्म उघडतो, नाव भरता येतं, गाव निवडता येतं, कारण एवढी कामं बऱ्याचदा खिडकीवरच होतात. खरी परीक्षा 'सबमिट' दाबल्यावर सुरू होते. तेव्हा शिपायाला आत जावं लागतं.

एका अर्जामागे किती कोठारं?

पीकविम्याच्या बाबतीत हा अभिलेख कक्ष एकच असता, तरी बरं झालं असतं. अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पीकविमा पोर्टलवर भरला जातो. जमिनीचा तपशील राज्याच्या भूमी अभिलेखाच्या नोंदींशी जुळवायचा. ओळख आधारशी. पैसे जिथे जमा व्हायचे ते खातं बँकेशी. खरीप २०२५ पासून ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांकही बंधनकारक झाला. म्हणजे विभाग वेगळे, यंत्रणा वेगळ्या, त्यांची देखभाल करणारी माणसंही वेगळी. रांगेतल्या शेतकऱ्याला मात्र दिसते ती एकच स्क्रीन.

लांबच्या लांब जावं लागतं म्हणून वेळ लागतो का? तर नाही. आधारची डेटा सेंटर बेंगळुरू आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. ऑप्टिकल फायबरमधून सिग्नलला हजार किलोमीटर कापायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे अंतराला दोष देता येत नाही. अडचण वाटेतल्या थांब्यांची आहे.

एक सोपं गणित करून पाहू. समजा, एका अर्जासाठी पाच यंत्रणा एकाच वेळी चालू असाव्या लागतात आणि त्यातली प्रत्येक १०० पैकी ९९ वेळा नीट चालते. ऐकायला हे उत्तमच आहे. पण पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता येते सुमारे ९५ टक्के. म्हणजे १०० पैकी ५ अर्ज पहिल्या प्रयत्नात अडणार. गर्दीच्या दिवशी प्रत्येक यंत्रणा ९५ टक्क्यांवर आली, तर हाच आकडा ७७ टक्क्यांवर घसरतो. म्हणजे जवळपास दर चौथा-पाचवा माणूस परत. आणि यात कुठल्याच एका विभागाची कामगिरी 'वाईट' दिसत नाही. प्रत्येकजण म्हणू शकतो, आमचा सर्व्हर तर ९५ टक्के वेळ चालू होता.

मग साखळी नेमकी कुठे तुटते?

हे काम करणारे तंत्रज्ञ 'सर्व्हर डाऊन' हा शब्द सहसा वापरत नाहीत, कारण त्यातून काहीच कळत नाही. ते आधी एरर मेसेज वाचतात. डेटाबेसशी संपर्क तुटण्याचे ठरावीक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा मेसेज वेगळा असतो. फोन लावल्यावर समोरून काय ऐकू येतं, यावरून आपण जसा अंदाज बांधतो, अगदी तसंच.

पहिला प्रकार : फोन वाजतच राहतो, कोणी उचलत नाही. तांत्रिक भाषेत हा 'टाइमआऊट'. प्रोग्रामने डेटाबेसला हाक मारली, ठरावीक सेकंद वाट पाहिली, पण उत्तरच आलं नाही. यामागे बहुतेकदा वाटेतलं नेटवर्क तुटलेलं असतं किंवा फायरवॉल, म्हणजे वाटेवरचा पहारेकरी, ती हाक गुपचूप अडवत असतो. डेटाबेसवर कामाचा प्रचंड बोजा असेल तरीही असंच होतं.

दुसरा प्रकार : फोन लागतो आणि लगेच कट होतो. हा 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. वरवर हा पहिल्यासारखाच वाटतो, पण यातून बरीच माहिती मिळते. समोरचं मशीन जागेवर आहे आणि वाटही मोकळी आहे. फक्त ज्या दारावर टकटक केली, त्या दारामागे कोणी नाही. प्रत्येक डेटाबेसचं एक ठरलेलं दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. मायएसक्यूएलचं नेहमीचं पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२. डेटाबेसचा प्रोग्राम बंद पडला असेल किंवा कोणी दार बदललं आणि वेबसाईटला सांगायचं राहिलं, तर हा मेसेज येतो.

तिसरा प्रकार : फोन उचलला जातो, पण समोरचा म्हणतो, "मी तुम्हाला ओळखत नाही." हा 'ॲक्सेस डिनाइड'. म्हणजे डेटाबेस ठणठणीत आहे! फक्त युजरनेम-पासवर्ड जुळत नाही किंवा ज्या मशीनवरून विचारणा झाली तिचा पत्ता परवानगीच्या यादीत नाही. रात्री एखादा सर्व्हर बदलला, नव्या सर्व्हरचा पत्ता यादीत टाकायचा राहिला की सकाळी हेच होतं. दुरुस्ती पाच मिनिटांची असते, पण योग्य माणसापर्यंत निरोप पोहोचायला कधी अख्खा दिवस जातो.

चौथा प्रकार : "आमच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत." हा 'टू मेनी कनेक्शन्स'. डेटाबेस एका वेळी किती जणांशी बोलणार, याला मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये कोणी काही बदललं नाही, तर ती १५१ असते, पोस्टग्रेसमध्ये १००. मोठ्या पोर्टलवर ती अर्थातच वाढवलेली असते, पण मर्यादा असतेच.

पाचवा प्रकार : सर्टिफिकेटची मुदत संपणं. दोन मशीनमधलं बोलणं सुरक्षित राहावं म्हणून डिजिटल प्रमाणपत्र लागतं. त्याला शेवटची तारीख असते. ती टळली की काल रात्रीपर्यंत सुरळीत चाललेली यंत्रणा मध्यरात्रीनंतर एकमेकींशी बोलायचं बंद करते. कुठलीच वायर तुटलेली नसते, कुठलंच मशीन बंद नसतं.

सहावा प्रकार मात्र खरंच आपल्याकडचा : केंद्रावरचंच इंटरनेट गेलेलं असतं. पाटोदा, शिरूर कासार, धारूरच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात वीज गेली की काही वेळात मोबाईल टॉवरही शांत होतो. मग दोष पोर्टलचा नसतानाही स्क्रीनवर दिसतं तेच फिरणारं गोल.

हे सहाही प्रकार रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांचं नाव एकच होतं, 'सर्व्हर डाऊन'. घोळ इथेच आहे. टॉवर बंद असेल तर टेलिकॉम कंपनीला सांगायचं, परवानगीची यादी चुकली असेल तर पोर्टल चालवणाऱ्यांना, सातबाऱ्याची माहिती येत नसेल तर भूमी अभिलेखला. आजार सहा, औषधं सहा आणि चिठ्ठीवर मात्र नुसतं 'बरं नाही' लिहिलेलं.

शेवटच्या दिवशीच का अडतं?

खरीप २०२३ पासून राज्याने एक रुपयात पीकविमा सुरू केला. त्याआधीच्या खरिपात राज्यात सुमारे ९६ लाख अर्ज आले होते. २०२३ मध्ये ते सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. खिडक्या जवळपास तेवढ्याच आणि रांग पावणेदोन पट. बीड हा सर्वाधिक अर्ज येणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. त्यातही मोठा वाटा शेवटच्या आठवड्यातला.

शेतकरी आधीच का भरत नाहीत, असा टोमणा सोशल मीडियावर दरवर्षी येतो. पण बीडची शेती बहुतांश कोरडवाहू. पाऊस कधी पडणार, पेरणी कधी होणार, दुबार पेरणी करावी लागणार का, हे जुलै अर्धा सरेपर्यंत नक्की नसतं. जे पेरलंच नाही त्याचा विमा आधी कसा भरणार? गर्दी शेवटी होते, कारण मृगाचा पाऊस पोर्टलचं वेळापत्रक पाहून पडत नाही.

गर्दीत डेटाबेसचं काय होतं, हे बँकेच्या काउंटरवरून समजून घेता येतं. काउंटर दहा आहेत आणि प्रत्येक ग्राहकाला दोन मिनिटं लागतात, तर काम वाहत राहतं. पण एका ग्राहकाच्या कामासाठी कारकुनाला दुसऱ्या बँकेला फोन लावावा लागला आणि तिकडून दहा मिनिटं उत्तर आलं नाही, तर तो काउंटर दहा मिनिटं अडला. असे दहाही काउंटर अडले की पासबुकात नोंद करायला आलेला माणूसही खोळंबतो. म्हणजे आधार किंवा सातबाऱ्याची तपासणी मंदावली, तरी पोर्टलची स्वतःची कनेक्शन्स त्याची वाट पाहत अडकून बसतात. ज्याचा डेटाबेस बिघडलाच नव्हता तोही ठप्प.

त्यात भर पडते ती आपल्या बोटांची. पान उघडलं नाही की आपण रिफ्रेश करतो. पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी नवी विनंती जाते, जुनी मात्र आत रांगेत तशीच राहते. हजारो केंद्रांवर हेच चालू असेल, तर सावरू पाहणारी यंत्रणा पुन्हा बसते. म्हणूनच जुन्या केंद्रचालकांचा हिशेब साधा असतो : दिवसा कागद गोळा करायचे, रात्री बारानंतर अर्ज भरायचे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

अजिबात नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्यासाठी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' ही सरकारी वेबसाईट सुरू झाली. पहिल्या दिवशी लाखो लोक आले, नोंदणी पूर्ण झाली अवघ्या ६ जणांची. अर्जदाराची ओळख, उत्पन्न, नागरिकत्व तपासायला ही वेबसाईट वेगवेगळ्या विभागांच्या यंत्रणांशी एका 'डेटा हब'मधून बोलायची. त्याच महिन्यात २७ तारखेला डेटा सेंटरमधल्या नेटवर्कच्या बिघाडामुळे हा हब बंद पडला आणि देशभरातले अर्ज थांबले. बीडच्या रांगेतली गोष्ट आणि ही गोष्ट फार वेगळी नाही.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ ला १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन नोंदणी खुली झाली. दुपारी ४ वाजता एकाच वेळी देश तुटून पडला आणि पोर्टल अडलं, अनेकांना ओटीपी आले नाहीत. पण ते काही वेळात सावरलं आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. म्हणजे मोठी गर्दी झेलता येते.

महाराष्ट्रातलं अलीकडचं उदाहरण अकरावी प्रवेशाचं. २०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण राज्यासाठी ऑनलाइन प्रवेश लागू झाले. म्हणजे बीड, अंबाजोगाईची मुलंही पहिल्यांदा त्यात आली. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती. पोर्टल अडलं आणि नोंदणी २६ मे पासून सुरू करावी लागली.

बीडला जास्त झळ का बसते?

कारण इथे हेलपाट्याची किंमत जास्त आहे. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी १८ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, नंतर ३१ डिसेंबर झाली. म्हणजे नेमका कोयता हातात घ्यायचा काळ. या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत पती किंवा वडिलांचं आधारही लागायचं आणि ओटीपी ज्या-त्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर यायचा. बाई फडात, नवरा गाडीवर, मोबाईल पालावर. ओटीपी आला तेव्हा फोन हातात नाही आणि फोन हातात आहे तेव्हा ओटीपी येत नाही. इथे डेटाबेस चालू असूनही उपयोग नाही, कारण साखळीतली शेवटची कडी माणसाच्या वेळेची आहे. शहरात घरी बसून रात्री अकराला पुन्हा प्रयत्न करणं सोपं असतं. दुसऱ्याच्या स्क्रीनवर अवलंबून असणाऱ्याला तसं करता येत नाही.

पीकविम्यातही वेळेचा असाच एक काच होता. खरीप २०२४ पर्यंत पुराने, गारपिटीने नुकसान झालं, तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. अतिवृष्टी झाली की एकाच रात्री अख्ख्या पट्ट्याचं नुकसान होतं, म्हणजे सगळे शेतकरी एकाच वेळी ॲपवर येणार. त्यातच वीज नाही, नेटवर्क नाही. ज्या घडीला यंत्रणा सर्वात भक्कम हवी, नेमकी तेव्हाच ती सर्वात कमकुवत. २०२५ पासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित झाल्याने ही ७२ तासांची अट मागे पडली, पण धडा तोच राहतो.

मग एवढ्या तपासण्या हव्यात कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही बीडमध्येच सापडतं. एक रुपयात विमा मिळू लागल्यावर दुसऱ्याच्या जमिनीवर, पडीक आणि सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याचे प्रकार राज्यभर उघड झाले. बीड जिल्ह्याचं नाव त्यात ठळकपणे आलं. प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून केंद्राला ४० रुपये मिळत होते, त्यामुळे काही केंद्रचालकही संशयाच्या फेऱ्यात सापडले. शेवटी २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच बंद झाली आणि खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का, नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी यांची पडताळणीही कडक झाली.

म्हणजे तपासणी काढून टाका, हा काही मार्ग नाही. तसंच डेटाबेसचं दार सगळ्यांना उघडं करा, हाही नाही. फायरवॉल आणि परवानगीची यादी कधी चुकून अडवत असली, तरी कोट्यवधी लोकांची माहिती तिच्यामुळेच सुरक्षित राहते.

प्रश्न वेगळा आहे. ही तपासणी शेतकरी रांगेत उभा असताना, त्याच क्षणी व्हायलाच हवी का? अर्ज आधी स्वीकारायचा, त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारायचा, पोच पावती द्यायची आणि सातबारा-आधारची जुळवणी रात्रभरात मागच्या मागे करायची, असंही करता येतं. चूक निघाली तर मेसेज पाठवून दुरुस्तीला आठ दिवस द्यायचे. सॉफ्टवेअरच्या जगात ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये नेटवर्क नसलेल्या शेतातही पिकाची नोंद मोबाईलमध्ये साठवून नंतर अपलोड करण्याची सोय देण्यात आली. बांधावर रेंज नसणार, हे तिथे आधीच गृहीत धरलं होतं.

तोपर्यंत आपण काय करायचं?

आधी दोष आपल्याकडे आहे का ते तपासा. त्याच कॉम्प्युटरवर दुसरी एखादी वेबसाईट उघडून पाहा. तीही उघडत नसेल, तर अडचण केंद्राच्या इंटरनेटची आहे. मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून बघा.

इतर सगळं चालतंय आणि हेच पोर्टल अडतंय, तर स्क्रीनवरचा आकडा वाचा. ५०३ म्हणजे यंत्रणेवर ताण आहे किंवा ती देखभालीसाठी बंद आहे. ५०४ म्हणजे वेबसाईट चालू आहे, पण मागच्या यंत्रणेचं उत्तर वेळेत आलं नाही. ५०० म्हणजे आतल्या प्रोग्राममध्येच काहीतरी बिनसलं आहे. ५०३ आणि ५०४ मध्ये थोडं थांबून प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ५०० पुन्हा पुन्हा येत असेल, तर तक्रार केल्याशिवाय सुटका नाही.

सारखं रिफ्रेश करू नका. विशेषतः पैसे भरताना पान अडकलं, तर आधी खात्यातून रक्कम कटली का ते बघा, पोर्टलवर अर्जाची स्थिती तपासा, मगच दुसऱ्यांदा भरा.

एरर आलेल्या स्क्रीनचा फोटो काढा. त्यात तारीख, वेळ आणि पोर्टलचं नाव दिसलं पाहिजे. पीकविम्याच्या तक्रारीसाठी १४४४७ ही हेल्पलाइन आहे. तिथे फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या. तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. आणि 'सर्व्हर डाऊन असेल तर या लिंकवरून भरा' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर लिंक उघडू नका. पोर्टल अडलेलं असतं तेव्हाच बनावट लिंकवाल्यांचा धंदा जोरात चालतो.

ज्याची नोंदच नाही, त्याचं काय?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. रहिवासाचा, उत्पन्नाचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत मिळाल्या पाहिजेत, नाही मिळाल्या तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. पण दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज दाखल झाल्यावर. अर्ज दाखलच झाला नाही, तर क्रमांक नाही. क्रमांक नाही, तर घड्याळ सुरू होत नाही आणि अपील करायला काही उरत नाही.

कागदाच्या काळात असं नव्हतं. साहेब जागेवर नसले, तरी आवक-जावक टेबलावर अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेता यायचा. तो शिक्का म्हणजे 'मी आलो होतो' याचा पुरावा. ऑनलाइनमध्ये तपासणी वेगवान झाली, खाबूगिरीला काही प्रमाणात आळा बसला, पण हा शिक्का हरवला. पोर्टल अडलं त्या दिवशी किती लोक परत गेले, हे केंद्रचालकाला ठाऊक असतं, रांगेला ठाऊक असतं. डेटाबेसला मात्र ते कधी आलेच नव्हते.

यावर उपाय करायला फार पैसाही लागत नाही. कुठली यंत्रणा या क्षणी चालू आहे आणि कुठली बंद, हे दाखवणारं एक साधं मराठी पान प्रत्येक पोर्टलला ठेवता येईल. 'काहीतरी चुकलं' याऐवजी 'सातबाऱ्याची माहिती मिळत नाही, तुमची इतर माहिती जतन केली आहे, हा तुमचा क्रमांक' असा मेसेज देता येईल. पोर्टल जितके तास बंद राहिलं, तितकी मुदत आपोआप वाढेल, असा नियम करता येईल. म्हणजे दर जुलैला मंत्र्यांच्या घोषणेकडे डोळे लावून बसावं लागणार नाही.

सर्व्हर बंद पडणारच. अमेरिकेत पडतात, दिल्लीत पडतात, बीडमध्येही पडतील. पण तो बंद पडल्याची किंमत कोणी मोजायची, हा तांत्रिक प्रश्न नाही. आज ती रोज बुडवून रांगेत उभा राहणारा मोजतो आहे आणि त्याच्या हातात तसं सांगणारी साधी पावतीही नाही.